परसदारचे पाणी आणि वटवाघळे

वैशाखातील संध्याकाळ. इतवारीतील एखाद्या जुन्या घराच्या परसात दिवसभर तापलेल्या फरशीवर सडा पडलेला असतो, हौद नुकताच काठोकाठ भरलेला असतो, मुले पाण्यात आणखी दोन बुड्या मारून घेण्याच्या खटपटीत असतात आणि वडील मंडळी खाटा बाहेर टाकून वाऱ्याची वाट पाहत असतात. दिवेलागण होऊन अर्धी घटकाही लोटलेली नसते, तोच कवेलूंच्या वळचणीतून काळसर असे काही तरी निसटते, हौदावर झेप घेते, पाण्यास ओझरते शिवून वर उठते आणि दिव्याभोवती दोन गिरक्या घालून पुन्हा खाली येते. त्याच्या पाठोपाठ दुसरे येते, तिसरे येते. मग घरात एकच धांदल उडते. आजीबाई पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतात, मुलांना पाण्याबाहेर येण्याची आज्ञा होते, आणि घरातील एखादा शूर पुरुष खराटा उगारून हौदाच्या काठाशी उभा राहतो.

हा प्रसंग आता केवळ जुन्या वाड्यांपुरता राहिलेला नाही. शहराभोवतीच्या बंगल्यांच्या व शेतघरांच्या आवारात पोहण्याचे खासगी तलाव झाले आहेत, आणि तेथेही रात्री हेच दृश्य दिसते. हौद असो, विहीर असो की निळ्या फरशीचा तलाव असो, घरच्या माणसांपुढे प्रश्न तीनच उभे राहतात. हा प्राणी पाण्यावर का येतो? त्याच्यापासून काही भय आहे काय? आणि असल्यास त्यावर उपाय कोणता? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिल्याचे उत्तर नीट कळले म्हणजे तिसऱ्याचे बहुतेक आपोआप सापडते, आणि खराटा हे त्याचे उत्तर नव्हे, हेही त्याबरोबरच ध्यानात येते.

लहानपणी ऐकलेली एक गोष्ट पुष्कळांस आठवत असेल. पशू आणि पक्षी यांची लढाई जुंपली असता वटवाघूळ कधी या पक्षास, तर कधी त्या पक्षास मिळाले, आणि अखेरीस दोघांनीही त्यास हाकलून दिले. गोष्टीतील बोध चांगला असला, तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तीत तथ्य नाही. वटवाघूळ हे निःसंशय पशूंपैकी आहे. ते अंडी घालीत नाही. पिलास जन्म देते आणि अंगावर पाजते. त्याच्या पंखास पीस म्हणून नसते. हाताची चार बोटे छत्रीच्या काड्यांप्रमाणे लांबलेली असतात आणि त्या काड्यांवर पातळ कातडे ताणून बसविलेले असते. अमरकोशात या प्राण्यास 'अजिनपत्रा' असे एक नाव दिलेले आहे. अजिन म्हणजे कातडे. अर्थात कातड्याच्या पंखांची ती अजिनपत्रा. आधुनिक शास्त्रासही याहून अचूक नाव सुचले नसते.

जगात वटवाघळांच्या चौदाशेंहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. सामान्य माणसाच्या सोयीसाठी त्यांचे दोन वर्ग पुरेत. एक फळांवर व फुलांतील मधावर राहणारी, आणि दुसरी किडे खाणारी. पहिल्या वर्गातील सर्वांत मोठी जात म्हणजे उंच वृक्षांवर शेकड्यांनी उलटी लटकणारी वटवाघळे. त्यांच्या पसरलेल्या पंखांची लांबी चार फुटांपर्यंत भरते. ती मोठ्या जलाशयावरून उडताना छाती पाण्यात बुडवितात आणि मग झाडावर जाऊन केसांतील पाणी चाटून घेतात. परसातील लहान हौद त्यांच्या कामाचा नाही. हौदावर येतात ती दुसऱ्या वर्गातील, भिंतींच्या भेगांत, कवेलूंच्या खाली व विहिरीच्या कपारींत दिवस काढणारी लहान वटवाघळे. त्यांतील पिपिस्ट्रेल नावाच्या सर्वांत लहान जातीचे वजन चार ग्रॅमांच्या आतबाहेर, म्हणजे जवळजवळ एका रुपयाच्या नाण्याएवढेच असते. अंधारात आणि घाबरलेल्या मनास ते कितीही मोठे दिसो, खराट्याच्या समोर असतो तो हा एवढासा जीव.

एवढ्याशा जीवास पाण्याची इतकी निकड का असावी? याचे कारण त्याच्या पंखांतच आहे. ते पातळ, केशहीन कातडे शरीराच्या मानाने फार विस्तृत असते आणि त्यातून शरीरातील ओलावा सारखा उडून जातो. तापलेल्या कौलाखाली दिवसभर कोंडलेले वटवाघूळ संध्याकाळी बाहेर पडते तेव्हा ते प्रथम पाणी शोधते, मग भक्ष्य. पिलास दूध पाजणाऱ्या मादीची गरज तर फारच मोठी. अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात केलेली पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, दूध पाजणाऱ्या माद्या इतर माद्यांपेक्षा तेरापट अधिक वेळा पाण्यावर येत होत्या. नागपूरचा उन्हाळा तर सर्वांच्या परिचयाचा आहे. २०१३ च्या मे महिन्याच्या २३ तारखेस येथील उष्णमान ४७.९ अंशांवर गेले होते. ज्या उन्हात माणूस कूलरपुढून उठावयास तयार नसतो, त्या उन्हात कवेलूखाली राहिलेल्या प्राण्याची तहान काय असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

परंतु अंधारात त्यास पाणी सापडते कसे? येथे एक सुरस शास्त्रीय इतिहास सांगणे अवश्य आहे. इटलीतील लाझारो स्पालान्झानी या विद्वानाने १७९३ साली असे दाखविले की, दृष्टी नष्ट केलेले वटवाघूळही अडथळे चुकवून बिनचूक उडते. पुढील वर्षी जिनिव्हा येथील शस्त्रवैद्य लुई झ्युरीन याने त्याचे कान बंद करून पाहिले, तेव्हा ते जागोजागी आपटू लागले. कानाने पाहणारा प्राणी! त्या काळच्या पंडितांस ही कल्पना मानवली नाही आणि प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षे तसाच पडून राहिला. १९३८ साली हार्वर्ड विद्यापीठातील डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने वटवाघळे भरलेला एक पिंजरा पिअर्स नावाच्या प्राध्यापकांच्या नव्या ध्वनियंत्रापुढे नेला आणि कोडे सुटले. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. वटवाघूळ त्याहून पुष्कळ उंच ध्वनी काढते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून समोर काय आहे हे ओळखते. भक्ष्य जवळ आले म्हणजे या हाका सेकंदाला दोनशेंच्या घरात जातात. आपल्या डोक्यावरून निःशब्द जाते असे वाटणारे वटवाघूळ वस्तुतः मोठमोठ्याने ओरडत जात असते.

आता या ध्वनीच्या दृष्टीने पाणी कसे 'दिसते' ते पाहावे. शांत पाणी हा एक गुळगुळीत आरसा होय. त्यावर तिरपा पडलेला ध्वनी पुढे निघून जातो, परत येत नाही. केवळ अगदी खालून, सरळ रेषेत, तेवढा एक प्रतिध्वनी परततो. माती, गवत, झाडे यांच्या खडबडीत पृष्ठभागावरून मात्र सर्व बाजूंनी प्रतिध्वनी येतात. जर्मनीतील श्टेफान ग्राइफ आणि ब्यर्न झीमर्स या दोन संशोधकांनी धातूचे, लाकडाचे व प्लास्टिकचे गुळगुळीत पत्रे जमिनीवर आडवे ठेवून पाहिले. पंधरा निरनिराळ्या जातींची वटवाघळे त्या पत्र्यांवरून पाणी पिण्याचा प्रयत्न करू लागली. काहींनी तर तो पुनःपुन्हा केला. ज्यांनी जन्मात तळे पाहिले नव्हते अशी पिलेही तसेच वागली. हा शोध २०१० साली प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा की, जे आडवे आणि गुळगुळीत ते पाणी, ही समजूत वटवाघळाच्या अंगी उपजतच असते. पुढे २०१७ साली याच ग्राइफ यांनी सहकाऱ्यांसह असेही दाखविले की, उभी गुळगुळीत भिंत त्यास मोकळी वाट भासते आणि ते तिच्यावर आपटते. पाण्यालगत काचेची मोठी भिंत उभारणाऱ्या नव्या बंगल्यांच्या मालकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पोहण्याचा तलाव म्हणजे वटवाघळाच्या कानास दूरवरून कळणारे पाणी होय. त्याचा पृष्ठभाग नितळ असतो, त्यावर शेवाळ किंवा वेली नसतात, आणि वरून खाली झेपावून पुन्हा वर उठण्यास लागणारी मोकळी वाट त्यावर असते. वटवाघूळ थांबून पाणी पीत नाही. उडता उडताच ते खालचा जबडा पाण्याला लावते आणि एका झेपेत एक घोट घेते. म्हणूनच ते पाच-सात वेळा पुनःपुन्हा त्याच मार्गाने येते, आणि पाण्यात डोके वर काढून उभ्या असलेल्या माणसास वाटते की, हे आपल्यावरच चाल करून येत आहे. वास्तविक माणूस त्याच्या वाटेत उभा असतो.

पाण्याखेरीज दुसरे आकर्षण दिव्याचे. वटवाघळास दिव्याचे स्वतःचे काही प्रेम नाही. कित्येक जाती तर उजेड टाळतात. परंतु पांढऱ्या आणि निळसर प्रकाशावर पतंग व बारीक किडे झुंडीने जमतात, आणि ज्या चपळ जातींस उजेडाची भीती नसते त्यांना तेथे आयते ताट वाढलेले मिळते. काठावर प्रखर दिवे आणि त्यांच्या खाली नितळ पाणी, म्हणजे भोजन आणि पाणी एकाच ठिकाणी! मग पाहुणे आले म्हणून तक्रार कोणाकडे करावयाची?

इतवारीच्या बाबतीत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. हा भाग पूर्वी वाड्यांचा, परसांचा आणि विहिरींचा. १८७० च्या सुमारास अंबाझरीच्या तलावाचे पाणी शहरास मिळू लागले, नळ घरोघर पोचत गेले आणि घरच्या विहिरीची गरज कमी होत गेली. कित्येक विहिरी झाकल्या गेल्या, कित्येक बुजविल्या गेल्या आणि त्यांच्या जागी दुकाने व गोदामे उभी राहिली. मातीच्या भिंतींची व कवेलूंची घरे पाडून सिमेंटच्या इमारती झाल्या. माणसाच्या सोयीचे हे सारे झाले, यात वाद नाही. परंतु त्या विहिरींच्या कपारींत राहणाऱ्या आणि तिथलेच पाणी पिणाऱ्या जीवांची घरपट्टी कोणी भरीत नसल्यामुळे त्यांना विचारले गेले नाही. गांधीसागर, ज्यास जुने लोक जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात, आणि नाईक तलाव ही जुन्या शहरातील मोठी पाणी आजही आहेत. तथापि चार ग्रॅमांच्या आईस, दर काही वेळाने पिलाकडे परतावयाचे असताना, दूरच्या तलावापेक्षा शेजारचा हौद जवळचा वाटला तर नवल नाही. पूर्वी जी तहान दहा विहिरींवर वाटली जात होती, ती आता एखाद्या उरलेल्या हौदावर येऊन पडते.

आता भयाचा विचार. त्यात खोटे भय आणि खरे भय यांची निवड प्रथम केली पाहिजे. वटवाघूळ केसांत अडकते, ही समजूत फार जुनी आहे. जो प्राणी काळोखात बारीक किडा कानाने हेरतो, त्यास माणसाचे डोके दिसत नाही असे मानणे चमत्कारिकच होय. तो जवळून जातो तो डोक्याभोवती घोंघावणाऱ्या डासांसाठी. वटवाघूळ रक्त पिते, हेही आपल्याकडील वटवाघळांस लागू नाही. रक्तावर जगणाऱ्या जाती साऱ्या जगात तीनच आहेत आणि त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या प्रदेशात राहतात. घरात वटवाघूळ शिरले म्हणजे अशुभ, असे मानणाऱ्या घरांनी त्या रात्री खिडकी कोणी उघडी ठेवली होती आणि दिवा कोठे जळत होता, याची चौकशी केल्यास शकुनाचा उलगडा तेथेच होईल.

खरे भय मात्र आहे, आणि ते लपविणे योग्य नव्हे. वटवाघूळ हा वन्य प्राणी आहे, आणि पकडलेला कोणताही वन्य प्राणी चावतो. या देशात पिसाळरोग मुख्यतः कुत्र्यांपासून होतो हे सर्वश्रुत आहे. तथापि त्या रोगाच्या कुळातील विषाणू वटवाघळांत असू शकतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने वटवाघळाशी आलेला प्रत्यक्ष अंगसंपर्क सर्वांत गंभीर वर्गात घातला आहे. त्याचे दात इतके बारीक असतात की, चाव्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे वैद्यकाचा इलाज जवळजवळ संपतो. परंतु वेळीच लस घेतली तर तो रोग टळतो. म्हणून वटवाघूळ चावले किंवा त्याचे नख लागले, तर जखम लहान की मोठी हे पाहत न बसता ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. झोपलेल्या लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ आढळले, तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूल काही सांगू शकत नाही आणि अंगावर खूण दिसत नाही, एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

दुसरे भय निपाह या विषाणूचे. या रोगाची साथ २००१ साली सिलिगुडीस आणि २०१८ साली केरळातील कोझिकोडेस आली होती, आणि मोठी फलाहारी वटवाघळे हे त्या विषाणूचे नैसर्गिक घर असल्याचे सिद्ध झाले आहे. महाबळेश्वर येथील एका गुहेतून २०२० साली पकडलेल्या वटवाघळांतही त्याच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पुढील वर्षी प्रसिद्ध केले. यावरून घेण्याचा धडा असा की, परसातील जांब, म्हणजे पेरू, अर्धवट कुरतडलेला सापडल्यास तो मुलांच्या हाती पडू देऊ नये. झाडाखाली पडलेली फळे खाऊ नयेत. पिण्याच्या पाण्याची टाकी नेहमी झाकलेली असावी. वटवाघळांची जुनी विष्ठा साचलेली माळ्यावरची जागा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून ती काढावी. हौदावरून एखादे वटवाघूळ झेपावले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. भय आहे ते त्यास हाताळण्यात आणि अस्वच्छतेत. आणि येथेच खराट्याचा खरा दोष दिसून येतो. फटका बसलेले वटवाघूळ पाण्यात पडते, मग कोणी तरी दयेने किंवा कुतूहलाने ते उघड्या हाताने उचलते, आणि जो चावा एरवी कधीही बसला नसता तो बसतो.

उपायांपैकी पहिला दिव्याचा. पाण्यावर प्रकाश टाकणारे पांढरे दिवे काढून त्यांच्या जागी मंद पिवळे दिवे लावावेत. पिवळ्या प्रकाशावर किडे पुष्कळ कमी येतात. दिव्याचे तोंड पाण्याकडे नसावे. तो पायऱ्यांवर किंवा वाटेवर खाली वळविलेला असावा. पाण्याच्या आत बसविलेले दिवे पोहणारा नसताना बंद ठेवावेत. किड्यांसाठी दिवा ठेवावयाचाच असेल तर तो पाण्यापासून दूर, आवाराच्या टोकाला ठेवावा. ज्या घरांत एवढी एकच गोष्ट केली जाते तेथेही गर्दी कमी होते, कारण ताट दुसरीकडे हलविलेले असते.

दुसरा उपाय वेळेचा. लहान वटवाघळांची पहिली आणि मोठी झुंड सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात येते. तेवढा अर्धा-पाऊण तास पाणी मोकळे सोडावे. पोहणे दिवेलागणीपूर्वी आटोपावे, किंवा ही पहिली घाई ओसरल्यावर करावे. ज्या घरास पाणी वापरावयाचे नाही त्याने ते चांगले ताणलेल्या आच्छादनाने झाकून टाकावे. आच्छादन ढिले असून त्याच्या खोलगटात पाणी साचले, तर ते उघड्या हौदापेक्षाही वाईट, कारण त्यात प्राणी अडकतो. पाण्यावर बारीक तंगूसाच्या जाळ्या ताणणे तर सर्वथा टाळावे. त्या तंतूंत पंख गुंतून प्राणी रात्रभर तडफडतो, आणि सकाळी त्यास सोडविणारा माणूस चावून घेतो.

तिसरा उपाय पाण्यात पडलेल्या प्राण्यासाठी, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. वटवाघूळ पंखांनी वल्ही मारून थोडे पोहू शकते. परंतु हौदाची भिंत गुळगुळीत व उभी असेल तर त्यास वर चढता येत नाही आणि शेवटी ते थकून बुडते. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम प्रांतांत गुरांच्या पाण्याच्या हौदांत अशी वटवाघळे व पक्षी मरत, म्हणून तेथे हौदात एक उतार बसविण्याची रीत पडली. तीच येथे सहज करता येते. एक खडबडीत फळी, किंवा गोणपाट गुंडाळलेली फळी, काठापासून पाण्यात तिरपी सोडावी. तिचे खालचे टोक पाणी उतरले तरी पाण्यातच राहील इतके खोल असावे, आणि तिची कड भिंतीला चिकटलेली असावी. बुडणारा प्राणी नेहमी भिंतीच्या कडेकडेने वाट शोधतो; फळी आणि भिंत यांत फट राहिली तर तो तिच्यामागून निघून जातो. उतार पंचेचाळीस अंशांहून उभा नसावा. या एका फळीने वटवाघूळच नव्हे, तर खार, सरडा आणि मांजराचे पिल्लूही वाचते, आणि घरच्या माणसास पाण्यातून मेलेला प्राणी काढण्याचा प्रसंग येत नाही.

एखादे वटवाघूळ पाण्यात तडफडताना दिसलेच, तर लांब दांड्याच्या जाळीने किंवा सुपाने ते बाहेर काढावे. हात लावू नये. लावणे भागच पडले तर जाड हातमोजे घालावेत. ते हवेत फेकू नये आणि जमिनीवरही ठेवू नये, कारण बहुतेक वटवाघळांना सपाट जमिनीवरून उडणे अवघड जाते. मांजराच्या आवाक्याबाहेर, झाडाच्या खडबडीत बुंध्यावर ते टेकवावे. अंग वाळले की ते आपण होऊन वर चढते आणि निघून जाते. जखमी किंवा भर दिवसा जमिनीवर पडलेले वटवाघूळ दिसल्यास मुलांना दूर ठेवून वनखात्यास कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर अशाच प्राण्यांच्या शुश्रूषेसाठी आहे. घरात शिरलेल्या वटवाघळासाठी तर एवढेच करावे: खोलीतील दिवा मालवावा, पंखा बंद करावा, बाहेरची खिडकी उघडावी, दार लावून घ्यावे आणि थोडा वेळ धीर धरावा.

वळचणीतील बिऱ्हाडच हलवावयाचे असेल, तर फटी बुजविण्यापूर्वी ऋतू पाहावा. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत कित्येक जातींची पिल्ले आत असतात, आणि बहुतेक जातींत मादीस एका वेळी एकच पिल्लू होते. अशा वेळी फट बुजविली तर आई बाहेर आणि पिल्लू आत, अशी अवस्था होते. पिल्लू मरून कुजते आणि आई त्याच घराभोवती घिरट्या घालीत राहते. दिवाळीनंतर, सर्व मंडळी संध्याकाळी बाहेर गेल्याची खात्री करून फटी बंद कराव्यात. विषारी धूर किंवा औषधे वापरू नयेत. अर्धमेली वटवाघळे अंगणात पडू लागली म्हणजे माणसाचा धोका वाढतो, कमी होत नाही.

हा सर्व खटाटोप एका उपद्रवी प्राण्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. सरकारी कायद्यानेही एके काळी तसेच मानले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात कावळे, उंदीर यांच्या पंगतीस फलाहारी वटवाघळे बसविलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच रद्द झाले. मधल्या पन्नास वर्षांत या प्राण्याचे काम लोकांच्या ध्यानात आले होते. फलाहारी वटवाघळे रात्री उमलणारी फुले फळवितात आणि वड, पिंपळ, उंबर यांचे बी गावोगाव नेऊन टाकतात. लहान वटवाघळे पतंग, भुंगेरे, डास व पिकांवरचे किडे रात्रभर टिपीत असतात. हौदाच्या काठी बसलेल्या माणसास त्यांनी खाल्लेला किडा दिसत नाही. दिसते ते फक्त वटवाघूळ, आणि म्हणून हिशेबात नेहमी त्याच्याच नावे उणे पडते.

तेव्हा पुढील वैशाखात खराटा कोपऱ्यात राहू द्यावा. दिवा पाण्यावरून वळवावा, हौदात एक खडबडीत फळी तिरपी सोडावी, मुलांना उजेडातच पाण्याबाहेर काढावे, आणि काही झाले तरी त्या प्राण्यास उघडा हात लावावयाचा नाही, एवढे त्यांना पक्के सांगावे. मग खाटेवर बसून पाहावे. पाण्यावर एक बारीक रेघ उमटते, नाहीशी होते, पुन्हा उमटते. ज्या परसांतून विहिरी गेल्या त्या परसात कोणी तरी अजून घोटभर पाणी पिऊन जात असते, आणि घरास त्याचे काही द्यावे लागत नाही.